एक चूळ कमी झाली

ऐका हो ऐका! मेंढरांमागचे, नांगरामागचे, लष्करातून सुटीवर आलेले आणि सुटी संपली तरी न गेलेले, अशा तमाम लहानथोर ग्रामस्थांस, शाळेच्या मंत्रिमंडळाच्या हुकुमावरून आणि शाळेत उरलेल्या एकुलत्या एका गुरुजींच्या तोंडून, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आपल्या शाळेतली दुपारची एक चूळ कायमची कमी झाली आहे. ही हानी भरून न येणारी आहे. जनतेने शांतता राखावी आणि तोंडातलं पाणी इकडेतिकडे टाकू नये.

हसला नाहीत ना? मला ठाऊक होतं. बाई, तुम्ही कधीच हसला नाहीत. मी नुसतं तोंड उघडलं तरी पारावरची माणसं हसायची तयारी करून बसतात. एसटीत कंडक्टर हसतो. तपासणीला आलेले साहेब हसतात आणि तपासायचं विसरून जातात. आणि तुम्ही? व्हरांड्याच्या त्या टोकाला बसून भाकरीचा तुकडा मोडत नुसतं म्हणायचात, "पुढं?" बस्स. एवढा जीव ओतून मी गोष्ट रंगवावी, हातवारे करावेत, तीन माणसांचे तीन आवाज काढावेत, आणि त्याचं मोल काय, तर "पुढं?" पण त्या एका शब्दासाठी मी रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या उद्याच्या दुपारची गोष्ट रचून ठेवायचो. हसणाऱ्या माणसाला गोष्ट कुठंही संपवली तरी चालते. तुम्हाला चालायची नाही.

तुमच्या भावाचं कार्ड आलं, मरणाच्या बातमीचं असतं तसं कोपरा फाडलेलं. मी ते वाचायच्या आधी कोपराच पाहिला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो. पोस्टमन म्हणाला, "गुरुजी, आज गप का?" त्याला काय सांगू? ह्या गावात मला कुणीही गप असताना पाहिलेलं नाही. तुम्ही मात्र एकदा पाहिलं होतं. त्याच्याकडे मी येणार आहे. थोडा वेळ द्या. मी नेहमीच लांबून येतो.

तुम्ही साताऱ्याहून बदलून आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. साताऱ्याच्या नळाच्या पाण्यावर वाढलेलं माणूस जतच्या माळावर उतरलं, हे पाहून मला, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला होता. कारण मी सांगलीचा, कृष्णाकाठचा, दर पावसाळ्यात पुराला शिव्या घालत वाढलेला. बायकोपोरं तिकडेच, मी इथे खोली घेऊन. मला वाटलं, चला, पाण्याच्या आठवणी काढून उसासे टाकायला जोडीदार मिळाला. तुम्ही एकही उसासा टाकला नाहीत. पहिल्या दुपारी मुलांनी डबे खाल्ले, फिरकीच्या तांब्यांतून चुळा भरल्या, पायऱ्यांवरून पचापच खाली टाकल्या, आणि तुम्ही विचारलंत:

"गुरुजी, हे पाणी जातं कुठं?"

"जमिनीत, बाई. आणखी कुठं जाणार? दिल्लीला?"

"मोजलंय कधी?"

चूळ कोण मोजतं हो! पण दुसऱ्या दिवशी तुम्ही व्हरांड्यात बादली ठेवलीत. पहिलीपासून सातवीपर्यंतच्या पोरांची रांग लावलीत. हात धुवायचे बादलीवर, चूळ टाकायची बादलीत. पोरांना तो खेळच झाला. पहिलीतलं एक पोरगं तर पुन्हापुन्हा रांगेत येऊन उभं राहायला लागलं. शेवटी बादली भरली, दुसरी अर्धी झाली. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, 'रोज दीड बादली'. मग पोरांकडे वळून म्हणालात, "तुमच्या आया मैलभर लांबून हे पाणी डोक्यावर आणतात. त्यातलं एवढं आपण रोज थुंकतो. आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

मी मनात म्हटलं, झालं! पोरांना विचारतायत! आता पोरं सांगणार, शाळेला सुटी द्या म्हणून. सांगितलंच एकानं. पण मग मागच्या रांगेतून काशी उठली. काशी तेव्हा चौथीत, बौद्धवाड्यातली, काडीसारखी पोरगी, पण आवाज असा की माळापलीकडची मेंढरं मान वर करावीत. ती म्हणाली, "बाई, झाडं लावायची. ज्याची चूळ त्याच्या झाडाला."

शाळांतून मुलांची मंत्रिमंडळं असतात, ती काही तुम्ही शोधून काढलेली नव्हती. आमचंही होतं. पंधरा ऑगस्टला निवडायचं आणि सोळा ऑगस्टला विसरायचं. तुम्ही ते खरं मानलंत, हीच तर तुमची चूक. शाळा-समितीचे अध्यक्ष आण्णा, त्यांचा नातू बापू हा मुख्यमंत्री होता. काशीला पोरांनी पाणीमंत्री केलं. आणि तुम्ही जाहीर केलंत, की मंत्रिमंडळानं एकमतानं ठरवलेली गोष्ट तुम्हालाही मोडता येणार नाही. मी म्हणालो, "बाई, हे फार होतंय. लोकशाही ठीक आहे, पण शाळेत?"

धनगरांच्या पोरांनी घरून लेंडीखत आणलं, टोपल्या भरभरून. मोठ्या पोरांनी मुरमात खड्डे घेतले. चार पहारी वाकल्या. ओढ्याकाठच्या जुन्या लिंबाखाली उगवलेली वीतवीतभर रोपं आणली. शेळ्यांपासून राखायला बाभळीच्या काट्यांची कुंपणं केली. एका झाडाला दोन तोंडं, असं ठरलं. कुणाचं झाड कुणाबरोबर हे ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या, त्याही माझ्या टोपीत. टोपी परत मिळाली तेव्हा तिला लेंडीखताचा वास होता. चिठ्ठ्यांत बापू आणि काशी एका झाडाला आले. आणि मंत्रिमंडळानं खास हुकूम काढून झेंड्याच्या खांबाजवळचा, सगळ्यांत दगडाळ खड्डा आपल्या दोघांना दिला. 'मास्तरांचं झाड.'

गावात दोन दिवस त्याचीच चर्चा. गुरुजी आणि बाई एका झाडाला चूळ टाकणार! म्हणून तुम्ही नियम घातलात: आधी तुम्ही, तुम्ही व्हरांड्यात परत येईपर्यंत मी खांबाकडे पाठ करून उभं राहायचं, मग मी. दहा वर्षं मी रोज दुपारी पाठ करून उभा राहिलो. कधीकधी पोरं विचारायची, "गुरुजी, शिक्षा हाय व्हय?" मी म्हणायचो, "व्हय रं, जन्मठेप हाय."

मी तंबाखू खायचो. पाणीमंत्र्यांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. काशी निरगुडीची छडी घेऊन खड्ड्याशी उभी.

"गुरुजी, तंबाकू तिकडं थुकून या. मग चूळ हितं."

"अगं, तंबाखूनं कीड मरते."

"झाड बी मरंल."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमचं दात बघितलं की."

बाई, तेव्हा तुमच्या ओठाचा एक कोपरा हलला होता. मी पाहिला. तुम्ही आयुष्यभर नाकारलंत, पण हलला होता. आणि तंबाखूचा वाद आपला अजून मिटलेला नाही हं. माझं म्हणणं होतं, की मास्तरांचं झाड दगडात असूनही सगळ्यांत उंच गेलं ते माझ्या चुळीतल्या औषधी अंशामुळे. तुमचं म्हणणं, की ते तुमच्या चुळीवर जगलं आणि माझ्या चुळीला पुरून उरलं. झाड एकच असल्यानं निकाल लागायचा मार्ग नव्हता. आता तर साक्षीदारही एकच उरला, आणि तोही पक्षपाती.

मग दोन-तीन वर्षांनी तो मोठा दुष्काळ आला. ओढ्याकाठचा जुना लिंब लोकांनी शेळ्यामेंढ्यांसाठी ओरबाडून नागडा केला. माणसं खडी फोडायला गेली. शाळेत पोरं येत ती दुपारच्या सुकडीसाठी, आणि त्याआधी पहाटेपासून टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी राहून. त्या सगळ्या करड्या माळावर फक्त आपल्या शाळेभोवती हिरवं होतं. चुळांवर वाढलेली, पुरुषभर उंचीची झाडं. इतके दिवस त्यांच्याकडे गावाचं लक्ष गेलं नव्हतं. आता जाता-येता माणसं थांबून बघायला लागली. आणि बघता बघता त्यांना दिसलं, की कुठल्या झाडाला कोण चूळ टाकतं.

आण्णांनी शाळेत सभा बोलावली. आण्णा माणूस वाईट नव्हते. त्या वर्षी आपल्या कडब्याची गंज त्यांनी अख्ख्या गावाच्या जनावरांना मोकळी केली होती. पण आपला नातू आणि काशी एका खड्ड्यात चूळ टाकतात, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. पंधरावीस माणसं सतरंजीवर बसली. तुम्ही पाणीमंत्र्यांनाही बोलावलं होतंत, माहिती द्यायला. काशी दाराच्या उंबऱ्यावर चौकटीला टेकून बसली, छडी मांडीवर आडवी.

"आवं बाई," आण्णा म्हणाले, "झाडं लावली, लय ब्येस केलं. पर उष्ट्या पाण्यावर? आन् कुनाकुनाच्या त्वांडाचं पानी एका खड्ड्यात? लिंब म्हंजी देवाचं झाड. उद्या पाडव्याला गुढीला डहाळी लागंल. ही असली बाटलेली डहाळी लावायची व्हय आमी? ज्या त्या आळीची झाडं येगळी करा. न्हाईतर मला वर लिवावं लागंल."

वर लिहिणं म्हणजे तुमची बदली, हे सगळ्यांना समजलं. तुम्ही उभ्या होतात. आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "मुलांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलंय. मला मोडता येत नाही."

"मोडता येत न्हाई म्हंजी?"

"येत नाही."

आण्णांच्या कानशिलाची शीर उडत होती. मग ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी जुनं मानूस. तुमी तरी सांगा."

आणि मी गप्प. हीच ती वेळ, बाई, जेव्हा तुम्ही मला गप्प पाहिलं. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. एका वाक्यात बसणारं होतं. तोंडाला तोंड सारखं, पाण्याला पाणी सारखं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. आणि मग मला जे येतं तेच मी केलं. फेटा सावरल्याचा अभिनय करून, आण्णांच्याच आवाजात म्हणालो, "आण्णा, कशाला जीव जाळता! लिंब तो लिंबच. बाटला म्हणून काय गोड होणार हाय?"

खोलीत हशा फुटला. म्हातारे हसता हसता खोकले. खुद्द आण्णा हसले, डोळे पुसत म्हणाले, "ह्या मास्तरापुढं काय बोलाय नगं गड्या!" आणि हसलेला माणूस पुन्हा रागावायला वेळ लागतो. सभा उठली. झाडं राहिली, चिठ्ठ्या राहिल्या, तुमची बदली टळली. मी छाती काढून तुमच्याकडे वळलो, आता तरी शाबासकी मिळेल म्हणून.

तुम्ही सतरंजी झटकत होतात. म्हणालात, "गुरुजी, काशी दारात बसली होती."

तेवढंच. पुन्हा कधी त्यावर एक अक्षर नाही.

मी दाराकडे पाहिलं तेव्हा उंबरा रिकामा होता. दुसऱ्या दिवशीपासून काशी दुपारी खड्ड्याशी उभी राहीना. छडी बापूच्या हातात गेली. काशी डबा तसाच ठेवून वर्गात भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी दोनदा आत डोकावलो. पाठ दिसायची, काडीसारखी. हाक मारायची हिंमत झाली नाही. काय म्हणणार होतो? 'बाटला' हा शब्द आण्णांचा होता, पण तो उचलून त्याला हशा मी मिळवून दिला होता. एकट्या आण्णांनीच म्हटलं असतं तर तिला राग आला असता. गुरुजींनी म्हटल्यावर राग कुणावर काढायचा?

मग पाडवा आला. त्या दिवशी सकाळी पाटीपूजनाला पोरं शाळेत यायचीच. आणि पोरांच्या मागोमाग सगळं गाव आलं. कारण गावात लिंबाची डहाळी शिल्लकच नव्हती. जुना लिंब शेळ्यांनी केव्हाच संपवलेला. मोहोर होता तो फक्त आपल्या उष्ट्या झाडांना. सगळ्यांत पुढे आण्णा, स्वच्छ धोतर, कपाळाला गंध. त्यांनी हात वर केला आणि बापूनं छडी आडवी घातली.

"आज्या, असं तोडायचं न्हाई. झाडवाल्याची परवानगी पायजे."

"मग तू दे की. तुझंच झाड हाय न्हवं?"

"निम्मं काशीचं हाय. दोघांची लागती."

आण्णांनी छडीकडे बघितलं. मग पाट्यांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या काशीकडे वळले. "काशे. देती का गं एक?"

काशीनं कुंपणाचे काटे बाजूला केले, टाचा उंचावून मोहोराची डहाळी मोडली, आणि देता देता बजावलं, "शेंड्याचं तोडू नगा कुनी. वाढ खुटती."

"न्हाई तोडत, बाई," आण्णा म्हणाले. बारा वर्षांच्या पोरीला बाई म्हणाले ते. डहाळी त्यांनी दोन्ही हातांत घेतली. एका सकाळीपुरतं तरी ते पाणी बाटलेलं राहिलं नाही, बाई, आणि त्यासाठी कुणाला भाषण करावं लागलं नाही.

तुम्ही व्हरांड्यातून माझ्याकडे बघितलंत. आता तरी, असं म्हणणारी ती नजर होती. तिथं काशी उभी, आण्णा उभे, सगळं गाव उभं. माफी मागायला यापेक्षा चांगला रंगमंच मिळणार होता का? आणि मी काय केलं? दोन्ही हात तोंडाशी धरून दवंडी दिली, "ऐका हो ऐका! आजपासून लिंब गोड झालेला आहे!" पुन्हा हशा. तुम्ही पाट्या लावायला आत गेलात.

एक वर्षानं कधीतरी मी म्हणालो होतो, "माझ्या त्या विनोदानं झाडं वाचली, एवढं तरी कबूल करा."

"झाडं वाचली," तुम्ही म्हणालात आणि तांब्याची फिरकी घट्ट लावलीत.

हा आपला खरा न मिटलेला वाद. अजूनही मी रात्री दोन्ही बाजूंनी तो लढतो. मी सरळ बोललो असतो, तर आण्णा चिडले असते, तुमची बदली झाली असती, झाडं तोडली गेली असती. मग? तुम्ही म्हणणार, तोडली असती तर पुन्हा लावली असती. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, पण मी तुमच्या वतीनं म्हणतो आणि हरतो.

मनात मी एक क्रम लावून ठेवला होता. आधी काशीची माफी मागायची, जखम तिची. तिनं क्षमा केली की मग तुमच्यासमोर ताठ उभं राहायचं आणि सांगायचं, झालं, मिटवलं. तिच्या आधी तुमच्याकडे येणं म्हणजे फिर्यादीला सोडून न्यायाधीशाला भेटण्यासारखं. म्हणून काशीसमोर शब्द सापडेपर्यंत तुमच्यासमोरही तोंड बंद. काशी सातवी झाली, हायस्कुलात गेली, तुम्ही तिला रविवारी गणित शिकवत राहिलात, ती सांगलीला मास्तरकीच्या कोर्सला गेली. माझा क्रम होता तिथंच होता.

तुम्ही आजारी पडून साताऱ्याला भावाकडे गेलात. मी भेटायला आलो ती दुपार तुम्हाला आठवतच असेल. सकाळी जतहून निघालो. सांगलीच्या स्टँडवर गाडी बदलली, तिथून साताऱ्यापर्यंत पूर्ण वेळ मी वाक्यांची तालीम करत होतो. शेजारचा मिलिटरीतला म्हातारा दोनदा म्हणाला, "काय म्हणालात?" क्रमाची ऐशीतैशी, म्हटलं, आज बोलायचंच. आणि तुमच्या घरात पाऊल टाकलं, तुम्हाला पाहिलं, एवढ्याशा झालेल्या, शालीत हरवलेल्या, आणि माझी जीभ मोकाट सुटली. एसटीची नक्कल केली. नव्या साहेबांची नक्कल केली. तुमचे भाऊ हसले, वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, शेजारचे दोघे दारात येऊन उभे राहिले. तासभर प्रयोग रंगला. तुम्ही उशीला टेकून ऐकत होतात. मध्येच म्हणालात, "झाडं?"

"झकास! मास्तरांचं झाड आता कौलांच्या वर गेलं. त्याला आता आपल्या चुळीची गरज नाही."

"तरी टाकता ना?"

"टाकतो. पाठ करून उभा राहतो, मग टाकतो."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मी चप्पल घालत असताना तुम्ही म्हणालात, "गुरुजी, पुढं?" मी मागं वळलो. तुम्ही वाट बघत होतात. खरंच वाट बघत होतात, बाई. आणि मी म्हणालो, "पुढची गोष्ट पुढच्या वेळी. गाडी चुकेल."

गाडीला अजून वेळ होता. स्टँडवर मी एकटा बाकावर बसून राहिलो. साताऱ्यात त्या दुपारी किती माणसं होती, रिटायर्ड सुभेदार, ऑफिसातले कारकून, कॉलेजची पोरं, आणि त्यातल्या एकालाही मला हसवावंसं वाटलं नाही.

आता दुपारी सव्वा वाजता घंटा होते. पोरं आपापल्या झाडांकडे पळतात. आज त्या झाडांना चुळांची गरज नाही, पण मंत्रिमंडळानं नियम मोडलेला नाही. उलट जास्तीच्या पाण्यावर यंदा कुंपणाकडेनं शेवगा लावलाय. मी व्हरांड्याच्या माझ्या टोकाला बसून भाकरी खातो. त्या टोकाकडे बघत नाही. बघितलं तर भिंत दिसते, तुमच्या पाठीनं गुळगुळीत झालेली. मग खांबाकडे पाठ करून उभा राहतो. किती वेळ उभं राहायचं ते आता कळत नाही. पूर्वी तुमच्या तांब्याची फिरकी वाजली की वळायचं असायचं. काल एक पोरगं येऊन हळूच म्हणालं, "गुरुजी, वळा आता." त्याला काय दिसलं कोण जाणे.

काल सकाळी शाळेत तुमची सभा झाली. तुमचा फोटो कुणाकडेच नव्हता. मुलांनी तुमची खुर्ची ठेवली, तिच्यावर काही ठेवलं नाही. आण्णा आले होते, काठी टेकत. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून अगदी पुढे बसले. बापू रजेवर आला होता, लष्करी केस कापलेला. आणि सांगलीहून काशी आली होती. चापूनचोपून साडी, खांद्याला पिशवी, आता कुणीही तिला काडी म्हणणार नाही. ती त्याच दाराशी उभी राहिली.

मला बोलायला सांगितलं. माणसं हसायची तयारी करून बसली, सवयच ती. मी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच आवाज बदलला नाही, कुणाची नक्कल केली नाही. तुमच्या चुळा, बादली, चिठ्ठ्या, एवढं सांगितलं. मग ती सभा सांगितली. आण्णांचं वाक्य सांगितलं. आण्णांनी मान खाली घातली. आणि माझं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. काही माणसं हसली, सवयीनं, आणि लगेच थांबली. मी म्हणालो, "त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, काशी दारात बसली होती. ते वाक्य मी इतकी वर्षं घेऊन फिरतोय. त्यानंतर ही पोर दुपारी झाडाशी उभी राहिली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, ते माझ्यामुळं. मी हे बाईंना कधी बोललो नाही, कारण आधी हिची माफी मागायची होती. आज बाई नाहीत. काशी, मी तुझा अपराधी आहे." आणि मी सगळ्या गावासमोर हात जोडले. नाटकातले नव्हेत, बाई.

काशी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली, पोरांच्या पडते तशी, गणित समजलं नाही की. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती. मग तिचं सांगलीचं शुद्ध बोलणं, कोर्स, पिशवी, सगळं गळून पडलं, आणि ती एकदम मोठ्यानं म्हणाली,

"आवं गुरुजी, म्या काय बी ऐकलं न्हाई! पाटंपास्नं पान्याच्या रांगंत उभी असायची मी तवा, दुपारी डोळंच उघडं ऱ्हायचं न्हाईत... दारात बसल्याबसल्या झोपली हुती की वो मी!"